तांब्याच्या पत्र्यावरचा राजा

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी शिवछत्रपतींची तसबीर आहे. कर्नाळ्याचा सुळका ज्यांच्या रोजच्या पाहण्यातला, त्या पनवेलकरांना महाराजांची ओळख करून द्यावयास नको. परंतु तो चेहरा आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आला, हे आपण क्वचितच विचारतो.

महाराजांच्या काळी युरोपात राजेरजवाड्यांचे चेहरे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापण्याची कला भरास आली होती. पत्र्यावर टोकदार हत्याराने रेघा खोदावयाच्या, त्यांत शाई भरून वरचा भाग पुसून घ्यावयाचा आणि ओलसर कागद ठेवून दाबाखाली काढावयाचा. फ्रान्समधील रॉबेर नांतय (१६२३–१६७८) हा चौदाव्या लुईला प्रत्यक्ष समोर बसवून चित्र काढी आणि स्वतःच ते कोरीत असे.

आपल्या राजाचे तसे झाले नाही. गोवळकोंड्याकडे परदेशी गिऱ्हाइकांसाठी राजेलोकांच्या चित्रांचे संच होत असत. अ‍ॅम्स्टरडॅमच्या रिक्सम्युझियममध्ये अशा एका संचात महाराजांचे चित्र आहे. ते १६८६ च्या सुमाराचे, म्हणजे महाराजांच्या निधनानंतरचे. पुढे फ्रान्स्वा व्हॅलेंटाइनच्या १७२४ ते १७२६ मध्ये निघालेल्या डच ग्रंथात महाराजांचे कोरीव चित्र छापले गेले. कोरणाऱ्या कारागिराने महाराजांना पाहिले नव्हते. त्याच्यापुढे होते ते दुसऱ्याचे चित्र. शिवाय पत्र्यावर जसेच्या तसे कोरले, तर कागदावर उजवे डावे होते. तेव्हा तलवार कोणत्या हाती, एवढ्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

पुढे तर दुसऱ्याच माणसाचे चित्र महाराजांचे म्हणून आपल्याकडे छापले जाऊ लागले. ते इब्राहीमखान नावाच्या सरदाराचे आहे, हे इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी दाखवून दिले आणि १९३३ मध्ये व्हॅलेंटाइनच्या संग्रहातील चित्र लोकांपुढे ठेवले. तोवर चित्राखालच्या नावावर विसंबून लोकांनी परक्याच चेहऱ्यापुढे हात जोडले होते. त्यांच्या भक्तीत खोट नव्हती. उणीव होती ती चौकशीची.

म्हणून आमचे एवढेच सांगणे आहे : तसबिरीला हार अवश्य घालावा, पण ती कोणी, केव्हा आणि कशावरून काढली, हेही घरातल्या मुलांना सांगावे. आपल्या राजाला ओळखण्याचाच तो एक भाग आहे.