कोपराची पट्टी : घट्ट किती, सैल किती?

मराठीत ‘कोपराला गूळ लावणे’ असा वाक्प्रचार आहे. गूळ आपल्याच हाताला लागलेला असतो, पण जीभ तिथवर पोहोचत नाही. दौंड तालुक्यातील केडगावच्या परिसरात, जिथे हंगामात उसाची गुऱ्हाळे चालतात, हा वाक्प्रचार कुणाला समजावून सांगावा लागत नसेल. आजच्या धाग्यात त्याच कोपराची कथा पाहू. तो मोडला म्हणजे कोण बांधत असे, कसे बांधत असे, आणि बांधलेला हात पुन्हा कामाला का येई किंवा का येत नसे.

आधी थोडी शरीररचना, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. दंडाचे एक आणि कोपराखालची दोन अशी तीन हाडे या सांध्यात भेटतात. सांध्याच्या पुढून हाताची मुख्य रक्तवाहिनी जाते. मनगटावर वैद्य जी नाडी पाहतो ती हिचीच शाखा. सांध्याभोवतीच तीन मोठ्या नसा आहेत. लहान मुलांत दंडाचे हाड कोपराच्या किंचित वर चपटे आणि पातळ असते. पाच ते सात वर्षांचे मूल चिंचेवरून किंवा बैलगाडीवरून पसरलेल्या तळहातावर पडले, की बहुधा तिथेच मोडते, आणि वरच्या तुकड्याचे टोकदार अग्र नेमके त्या रक्तवाहिनीवर रोखले जाते.

म्हणून या मोडीत खरी चिंता हाडाची नसून रक्ताची असते. मुलाचे हाड तीन-चार आठवड्यांत जुळते. थोडे वाकडे जुळले तर हात दिसायला वेडावाकडा होतो, पण चालतो. कोपराखालच्या स्नायूंना मात्र रक्त मिळाले नाही, तर सुमारे सहा तासांत ते मरू लागतात. मेलेल्या स्नायूच्या जागी आखडलेला, ताठर व्रण उरतो. बोटे आत वळतात आणि जन्मभर तशीच राहतात.

आता हे सहा तास केडगावच्या भूगोलावर मांडून पाहा. गाव पुण्याच्या पूर्वेस ५०-६० किलोमीटरवर आहे. बैलगाडी ताशी तीन-चार किलोमीटर चालली, तर पुणे गाठायला न थांबता पंधरा तास लागणार. १८५८ साली पुण्याहून दौंडमार्गे दिक्सळपर्यंत लोहमार्ग सुरू झाला आणि हे अंतर काही तासांवर आले. परंतु पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले ससून रुग्णालय उघडले ते १८६७ साली. आगगाडी आधी आली, रुग्णालय नंतर. आणि त्या सहा तासांचे महत्त्व वैद्यकाला कळले ते त्याहूनही नंतर. तोवर हात बांधणारा माणूस गावातला किंवा शेजारच्या गावातला हाडवैद्यच होता. तालमीतले वस्तादही हे काम करीत, कारण कुस्तीत सांधे निखळणे नित्याचेच.

हाडवैद्याची विद्या अडाणी होती असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. बांबूच्या कामट्या, सालींचे लेप, हाडसांधीच्या वेलीचा वापर, तेलाचे सिंचन या साऱ्याला जुना आधार आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसरा अध्याय संपूर्णपणे मोडलेल्या हाडांवर आहे. हाड मोडण्याचे बारा आणि सांधा निखळण्याचे सहा प्रकार त्या ग्रंथात सांगितले आहेत. फळ्यांसाठी औदुंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड यांच्या साली आणि बांबू सुचविले आहेत. निखळलेल्या कोपराबद्दलची सूचना तर आश्चर्य वाटावे इतकी नेमकी आहे: अंगठ्याने चोळून सांधा चाचपावा, दाबून जागेवर बसवावा, मग हात एकदा पसरून आणि एकदा आखडून पाहावा.

पण माझ्या मते त्या अध्यायातील सर्वांत मोलाचा भाग पट्टीविषयीचा आहे. पट्टी सैल राहिली तर सांधा स्थिर होत नाही. फार घट्ट बांधली तर सूज, वेदना आणि त्वचेचा पाक होतो. म्हणून मध्यम बांधावी. ती थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण काळात पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडून पुन्हा बांधावी, असेही तिथे म्हटले आहे. सांधा बालवयात महिन्याने, मध्यम वयात त्याच्या दुप्पट आणि उतारवयात तिप्पट काळाने स्थिर होतो, हा हिशेबही आहे. परंपरेने पुढच्या पिढ्यांना साली दिल्या, लेप दिले, कामट्या दिल्या. ‘मध्यम’ हा शब्द मात्र अनेकदा वाटेत गळून पडला. ताज्या मोडीवर कामट्या करकचून आवळल्या, की पुढच्या काही तासांत सूज आत वाढत राहते आणि पट्टी ढळत नाही. मूल रडते, ते मोडीमुळेच रडते असे घरचे समजतात. दुसऱ्या दिवशी रडणे थांबते, तेव्हा आराम पडला असे वाटते. वास्तविक नसा बधिर झालेल्या असतात.

युरोपातही चित्र वेगळे नव्हते. १८५२ साली डच लष्करी शल्यविशारद मथायसेन यांनी प्लास्टर ऑफ पॅरिस लावलेल्या पट्टीची रीत प्रसिद्ध केली. सोयीची, स्वस्त आणि कडक अशी ती पट्टी झपाट्याने पसरली, आणि तिच्यामागून आखडलेले हातही आले. १८८१ साली जर्मनीतील हाले येथील रिचर्ड फोन फोल्कमान यांनी लिहिले की हा आखडलेपणा नसांचा नाही. रक्त न मिळाल्याने स्नायू मरतात, आणि कारण बहुधा घट्ट पट्टी. आजही या विकृतीला त्यांचेच नाव आहे. (हेच गृहस्थ रिचर्ड लिआंडर या टोपणनावाने परीकथा लिहीत, आणि जर्मनीत घरोघरी ओळखले जात ते त्या परीकथांमुळे.)

इंग्लंडची कथा आपल्या हाडवैद्यांच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. आधुनिक अस्थिचिकित्सेच्या पायाशी असलेले ह्यू ओवेन थॉमस हे वेल्समधल्या पिढीजात हाडवैद्यांच्या घराण्यातले. वडील हाडवैद्य, मुलगा रीतसर शिकलेला डॉक्टर. त्यांच्या पत्नीचे भाचे रॉबर्ट जोन्स त्यांच्याच हाताखाली तयार झाले. मोडलेला कोपर पूर्ण वाकवून मनगट गळ्याशी टांगायचे, ही रीत जोन्स यांच्या नावाने रूढ झाली. तिने हाड छान जागेवर राहते. पण सुजलेला कोपर पूर्ण वाकवला तर रक्तवाहिनी दबते! म्हणजे पट्टी सैल असली तरी संकट टळत नाही. हात वाकवताना मनगटावर बोट ठेवायचे, नाडी गेली की हात थोडा उघडायचा, हा नियम या अनुभवातूनच रुळला.

१८९५ च्या नोव्हेंबरात रॉंटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि मोड प्रथमच डोळ्यांना दिसू लागली. भारतात हे यंत्र लवकर आले: १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत वायव्य सरहद्दीवर लष्करी डॉक्टर बीव्हर यांनी ते वापरले. नेमक्या त्याच वर्षी, १८९८ मध्ये, पंडिता रमाबाईंनी केडगावात मुक्तिसदनाची उभारणी सुरू केली. दुष्काळातून आलेल्या शेकडो मुली तिथे विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना अशी कामे शिकल्या. दोन हातांखेरीज दुसरी पुंजी नसलेल्या माणसाला ताठ कोपर म्हणजे काय, हे अशा कामांची यादी वाचली की समजते. टंकांच्या खणातून एक-एक अक्षर उचलायचे तर कोपर शेकडो वेळा वाकला पाहिजे.

विसाव्या शतकाच्या मध्याला वाट खरी बदलली. १९४८ साली अमेरिकेत स्वेन्सन यांनी हाड जागेवर बसवून कातडीतूनच बारीक तारा घालण्याची रीत मांडली. तारांनी हाड धरले, की कोपर फार वाकवायची आणि घट्ट बांधायची गरजच उरत नाही. १९५९ साली गार्टलँड यांनी या मोडीचे तीन प्रकार ठरवले, आणि एरवी निष्णात असलेले शल्यविशारदही तिच्याकडे धास्तीने पाहतात असे मोकळेपणाने नोंदवले. पुण्यात डॉ. के. एच. संचेती यांनी १९६५ साली अस्थिरुग्णालय सुरू केले. पुढे शस्त्रक्रिया चालू असतानाच हाड पडद्यावर दाखवणारे सी-आर्म यंत्र आले आणि तारांची रीत सर्वत्र रुळली.

राहिला प्रश्न बरे होण्याचा. मोठ्यांचा कोपर फार लवकर ताठरतो. महिना-दीड महिना प्लास्टरमध्ये ठेवलेला हात सुटतो तेव्हा हाड जुळलेले आणि सांधा गोठलेला असतो. म्हणून आज मोठ्यांच्या मोडी तारा किंवा पट्ट्यांनी पक्क्या करून काही दिवसांतच हालचाल सुरू करतात. १९८१ साली मॉरे आणि सहकाऱ्यांनी मोजून दाखवले की रोजच्या बहुतेक कामांना ३० ते १३० अंशांमधली हालचाल पुरते. घास तोंडाशी नेणे, केस विंचरणे, दार उघडणे एवढ्यात बसते. शेवटचे काही अंश अनेकांना परत मिळत नाहीत.

मुलांच्या तारा तीन-चार आठवड्यांनी काढतात. त्यानंतर घरोघरी होणारी एक गोष्ट टाळायला हवी: तेल लावून जोरात चोळणे आणि दुसऱ्याने हात धरून ताणणे. दुखावलेल्या कोपराभोवतीच्या स्नायूंत अशाने नवे हाड तयार होऊ शकते, आणि जो सांधा मोकळा करायचा तोच जखडतो. मुलाने स्वतःच्या जोराने हलवलेला हात काही महिन्यांत बहुधा पूर्ववत होतो. सुश्रुतानेही तळहाताच्या मोडीनंतर रुग्णाच्या स्वतःच्याच मुठीला काम दिले आहे. पाठभेद सोडले तर क्रम एकच आहे: आधी मऊ गोळा धरायचा, आणि बळ आल्यावर दगड.