राजवाड्यात भरणारी शाळा: साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलचा इतिहास

महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा 'विद्यार्थी दिवस' म्हणून साजरा होतो. १९०० साली याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव साताऱ्याच्या सरकारी इंग्रजी शाळेत दाखल झाले. ही शाळा जुन्या राजवाड्यात भरत असे. तीच आजची प्रतापसिंह हायस्कूल.

राजवाड्यात शाळा कशी आली?

छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी १८२४ च्या सुमारास हा राजवाडा बांधला. १८३९ मध्ये इंग्रजांनी त्यांना पदच्युत करून काशीला पाठवले. त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब १८४८ मध्ये वारले. त्यानंतर कंपनी सरकारने दत्तक वारस नाकारून राज्य खालसा केले. शाळेची स्थापना १८५१ ची. पुढे तिचे वर्ग राजवाड्यात भरू लागले. कालांतराने शाळेला महाराजांचेच नाव मिळाले.

वाडा शाळेला का सोयीचा?

मराठा वाड्याच्या मध्यभागी मोकळा चौक असतो. त्याच्या भोवती लाकडी खांबांवर पेललेले सोपे आणि दालने असतात. चौकातून उजेड आणि हवा आत येते. लांबट दालनांत वर्ग मावतात आणि चौकात मुले जमू शकतात.

पण सगळ्यांना सारखी जागा नव्हती

साताऱ्यातील शाळेचे दिवस बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात सांगितले आहेत. वर्गात त्यांना इतर मुलांमध्ये बसता येत नसे. कोपऱ्यात तरटाचा तुकडा अंथरून ते बसत. झाडलोट करणारा नोकरही त्या तरटाला हात लावत नसे, म्हणून ते रोज घरी न्यावे लागे. तहान लागली, तर नळ उघडायला शिपाई हजर असावा लागे. शिपाई नसला, तर पाणीही नसे.

जतन करताना काय सांभाळावे लागते?

जुन्या वाड्याचा पहिला शत्रू म्हणजे पाणी. छप्पर गळले की भिंतीत रुतलेली तुळयांची टोके कुजतात आणि वाळवी लागते. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केल्यास ओल आतच कोंडते. त्यामुळे दुरुस्ती मूळ साहित्याला मानवेल अशी करावी लागते.

शाळेच्या प्रवेशपटावर १९१४ क्रमांकापुढे 'भिवा' हे नाव आहे. राजाचा वाडा आणि कोपऱ्यातले तरट, या दोन्ही आठवणी एकाच वास्तूच्या आहेत. तिचे जतन म्हणजे दोन्ही सांभाळणे.