शेवट कोणाचा?

जे. के. रोलिंगबाईंनी १९९७ साली सुरू केलेली हॅरी पॉटरची जादूनगरी २१ जुलै २००७ रोजी सातव्या पुस्तकाने संपली. संपली म्हणायचे एवढेच! १९ वर्षांनंतरचा, मुलांना शाळेच्या आगगाडीत बसवून देणारा तो सुखी संसार वाचून जगभर दोन तट पडले, आमच्या घरातही. कोणी डोळे पुसले, कोणी नाके मुरडली. २०१४ साली खुद्द बाईंनीच हॅरीच्या सोबत्यांच्या, रॉन-हर्मायनीच्या, जोडीविषयी शंका बोलून दाखविली आणि वादात तेल पडले.

मला मात्र दोष कोणाचाच दिसत नाही. शेवटाचा मसुदा बाईंनी पहिले पुस्तक छापण्यापूर्वीच लिहिला होता. पुढे पात्रे वाढली, वाचणारी पोरेही वाढली. जन्माआधी शिवलेले अंगडे मोठेपणी अंगाला कसे बसावे?