टायरदाब संवेदक : मोठे टायर व लिफ्ट बसवल्यानंतरची बिघाडतपासणी

मोटारीच्या चाकांतील हवेचा दाब गाडी चालू असताना मोजून चालकाला कळवणारे उपकरण. बोलण्यात त्याला टीपीएमएस किंवा नुसते ‘टायर सेन्सर’ म्हणतात. कंपनीच्या मापापेक्षा मोठे टायर घातले, लिफ्ट किट लावून गाडी उंचावली आणि त्यानंतर डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझेनासा झाला, या एकाच अडचणीचा विचार या नोंदीत केला आहे. त्यासाठी रायपूर (छत्तीसगड) हे ठिकाण घेतले आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवरच्या या शहरात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसला टेकतो, तर थंडीतल्या पहाटे तो १० अंशांच्या आसपास येतो. आजूबाजूच्या शिवारात कन्हार म्हणजे काळी चिकण माती आहे. पावसाळ्यात ती चाकाला धरून ठेवते. राजिमला महानदीच्या पात्रात वाळू आहे आणि जगदलपूरच्या वाटेवर केशकालचा घाट. अशा मुलखात उंच गाडी आणि खोल नक्षीचे टायर हवेसे वाटणे स्वाभाविक आहे. पण दाबाचे गणित याच हवामानात सर्वाधिक चुकते.

प्रकार : संवेदक दोन तऱ्हेचे असतात आणि आपल्या गाडीत कोणता आहे हे आधी कळले नाही तर पुढची सगळी तपासणी फुकट जाते. प्रत्यक्ष प्रकारात प्रत्येक रिमच्या आत, बहुधा वॉल्वच्या बुडाशी, दाब व तापमान मोजणारी चिप, चाक फिरते आहे हे ओळखणारा त्वरणमापक, रेडिओ प्रक्षेपक आणि लिथियमची बॅटरी असे सगळे एका डबीत बंद केलेले असते. भारत व युरोपात हे संवेदक ४३३.९२ मेगाहर्ट्झवर बोलतात. अमेरिकेत अनेक गाड्यांचे ३१५ मेगाहर्ट्झवर. प्रत्येकाला स्वतःचा ओळखक्रमांक असतो आणि गाडीचा ग्राहक (रिसीव्हर) त्याच्या यादीतल्या क्रमांकांचेच ऐकतो. अप्रत्यक्ष प्रकारात चाकात काहीच नसते. एबीएससाठी लावलेले चाकगतीचे संवेदक वापरून संगणक चारही चाकांच्या फिरण्याची तुलना करतो. हवा कमी झालेल्या चाकाची त्रिज्या किंचित घटते, ते इतरांपेक्षा जलद फिरते, त्यावरून अंदाज बांधला जातो. म्हणून पडद्यावर चार चाकांचे चार आकडे दिसत असतील तर प्रकार प्रत्यक्ष. नुसता दिवा आणि ‘रीसेट’ची सोय असेल तर बहुधा अप्रत्यक्ष. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या महिंद्रा थारच्या वरच्या प्रकारात चाकनिहाय दाब दिसतो. पुढची काही उदाहरणे तिच्या २५५/६५ आर १८ या मापावर बेतली आहेत.

पूर्वपीठिका : प्रवासी मोटारीत ही यंत्रणा पहिल्यांदा १९८६ मध्ये पोर्शे ९५९ या गाडीत आली आणि बरीच वर्षे ती महागड्या गाड्यांपुरतीच राहिली. ती सार्वत्रिक झाली अपघातांमुळे. फोर्ड एक्स्प्लोररवरील फायरस्टोन टायरांची नक्षी सुटून गाड्या उलटल्या, माणसे मेली, आणि २००० साली अमेरिकेने टायरसुरक्षेचा कायदा केला. त्यातून २००७ पासून तिथल्या सर्व नव्या हलक्या वाहनांत टीपीएमएस सक्तीचे झाले. युरोपीय संघाने २०१२ मध्ये नव्या मॉडेलांना व २०१४ मध्ये सर्व नव्या मोटारींना तो नियम लावला. भारतात सक्ती नाही. मात्र जुलै २०२० च्या दुरुस्तीनुसार टीपीएमएस आणि पंक्चर दुरुस्ती संच असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या वाहनांना स्टेपनी न बाळगण्याची मुभा मिळाली. उंचावलेली गाडी घेऊन बस्तरच्या जंगलवाटांवर जाणाऱ्याने या मुभेचा फायदा घेऊ नये. तिथे कडेची भिंत फाटली तर दुरुस्ती संच कामाचा नाही.

दिव्याची भाषा : दिवा सतत जळत असेल तर एखाद्या चाकात दाब कमी आहे. गाडी सुरू केल्यावर तो मिनिटभर किंवा थोडा जास्त वेळ लुकलुकून मग स्थिर होत असेल, तर यंत्रणेलाच कुठले तरी चाक ऐकू येत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. बरेच जण दोन्ही वेळा सरळ स्कॅनर लावतात. आधी लावायचा असतो तो साधा हातातला दाबमापक, आणि तोही गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, सकाळी. हा मापक स्वतःचा असावा. टाटीबंध किंवा भनपुरीकडे मालमोटारींच्या टायरांचे काम करणाऱ्या दुकानांतले मापक १०० पीएसआयच्या पुढच्या दाबांसाठी असतात. तिशीच्या आकड्यांत त्यांची सुई दोन-तीन पीएसआयने सहज फसवते.

दाबाचे गणित : मोठ्या टायरनंतरच्या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा इथेच सापडते, आणि ते इलेक्ट्रॉनिक नसते. दिवा कोणत्या दाबाला लागावा हे कारखान्यात मूळ टायरसाठी ठरलेले असते. अमेरिकी नियमात ही मर्यादा शिफारस केलेल्या दाबाच्या २५ टक्के खाली, युरोपीय नियमात २० टक्के खाली आहे. दाराच्या खांबावरच्या पट्टीवर ३२ पीएसआय लिहिले असेल तर २५ टक्क्यांच्या हिशेबाने दिवा २४ ला लागेल. आता टायर बदलला, तरी गाडीच्या संगणकाला हे कोणी सांगितलेले नाही.

समजा नवा टायर रुंद, जास्त हवा मावणारा, पण प्रवासी बांधणीचाच आहे आणि मालकाने त्यात आराम व पकड पाहून २८ पीएसआय ठेवले. दुपारी ३५ अंशांना भरलेले हे २८ पीएसआय पहाटे १० अंशांना साधारण साडेचोवीस उरतात. त्यात आणखी अर्धा पीएसआय घटला की दिवा लागतो, ऊन चढले की विझतो, आणि ‘सेन्सर खराब’ असा निष्कर्ष निघतो. संवेदक अगदी बरोबर असतो. तिशीच्या आसपासच्या दाबाला दर १० अंशांमागे सुमारे दीड पीएसआय फरक पडतो. नायट्रोजन भरल्याने हे टळत नाही, कारण तोही त्याच वायुनियमाने चालतो. फक्त कॉम्प्रेसरच्या हवेतला ओलावा त्यात नसतो. धावून तापलेल्या टायरमध्ये हवा भरली असेल तर सकाळची घट आणखी मोठी दिसते.

उलट बाजू जास्त गंभीर आहे. उंच गाड्यांना अनेकदा एलटी म्हणजे हलक्या मालवाहू बांधणीचे, जाड थरांचे टायर घातले जातात. ‘ई’ भारवर्गातील बहुतेक टायर कडेवर छापलेले कमाल वजन ८० पीएसआयला पेलतात. दाब उतरवला की पेलण्याची ताकद झपाट्याने उतरते. म्हणजे मूळ टायर ३२ ला जेवढे वजन घेत होता तेवढ्यासाठी या टायरला भारतक्त्याप्रमाणे जास्त दाब लागतो. तो ४० धरला, तर त्याच २५ टक्क्यांनी इशारा ३० ला मिळायला हवा. गाडी मात्र २४ पर्यंत गप्प राहील. मे महिन्यात नागपूरच्या रस्त्यावर भरलेली गाडी वेगाने चालते आहे, टायरची कड प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते आहे, आतून तापते आहे आणि डॅशबोर्ड स्वच्छ आहे. या स्थितीला मी नादुरुस्तीच म्हणेन, कारण उपकरण ज्यासाठी बसवले तेच काम ते करत नाही. त्यामुळे टायर बदलल्यावर पहिले काम म्हणजे टायर उत्पादकाच्या भारतक्त्यावरून नवा दाब ठरवणे आणि स्कॅन साधनाने शक्य असल्यास इशाऱ्याची मर्यादा बदलणे. काही गाड्यांत ती बदलता येते, बऱ्याच भारतीय गाड्यांत येत नाही. न येणाऱ्यांनी नवा दाब कागदावर लिहून जुन्या पट्टीशेजारी चिकटवावा व दिव्यावर विसंबू नये.

वाळूत किंवा कन्हारात उतरताना दाब १५ ते १८ पीएसआयपर्यंत सोडण्याची रीत आहे. तेव्हा दिवा लागणारच. डांबरावर परत आल्यावर हवा भरेपर्यंत तो तसाच राहू द्यावा.

चाकबदलातले बिघाड : लुकलुकणारा दिवा बहुधा टायर दुकानातून घरी येतो. रिमवरून टायर सोडवताना यंत्राची पट्टी वॉल्वजवळ टेकली की आतली डबी तडकते. जाड कडेच्या टायरला जोर जास्त लागतो, म्हणून धोकाही जास्त. कारागिराला आधीच सांगावे की आत संवेदक आहे, पट्टी वॉल्वपासून लांब लावा. धातूच्या वॉल्वखालची रबरी चकती, नट आणि वॉल्वपिन हा संच प्रत्येक टायरबदलाला नवा घालायचा असतो. तो वाचवला तर दोन-तीन महिन्यांनी मंद गळती सुरू होते. ॲल्युमिनियमच्या वॉल्वमध्ये साधी पितळी पिन घातली तर ओलाव्यात दोन धातूंची गंज चढून ती आतच जाम होते. निकेलचा मुलामा असलेली पिनच वापरावी. पंक्चर टाळण्यासाठी टायरात ओतलेली जेल संवेदकाचे छिद्र बुजवू शकते आणि मग आकडा एकाच जागी गोठतो किंवा नाहीसा होतो.

नव्या अलॉयबरोबर नवे संवेदक घेतले असतील तर त्यांची वारंवारता पाहावी. परदेशातून मागवलेले ३१५ मेगाहर्ट्झचे संवेदक इथल्या ग्राहकाला कधीच ऐकू येणार नाहीत, किती वेळा नोंदणी केली तरी. वारंवारता जुळली तरी ओळखक्रमांक गाडीला शिकवावे लागतात. काही गाड्या दहा-वीस मिनिटे चालवल्यावर स्वतः शिकतात, काहींना प्रत्येक वॉल्वजवळ १२५ किलोहर्ट्झचा संकेत देणारे साधन धरावे लागते, काहींत क्रमांक निदान जोडणीतून लिहावे लागतात. चाकांची अदलाबदल झाली असेल आणि पडद्यावर पुढच्या डाव्या चाकाचा इशारा येऊन गळती मागच्या उजव्यात सापडत असेल, तर फक्त जागांची नोंद चुकली आहे.

बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षे टिकते आणि ती वेगळी बदलता येत नाही. सहा-सात वर्षांच्या गाडीला मोठे टायर घालत असाल तर त्याच वेळी चारही संवेदक बदलावेत. मजुरी एकदाच पडते.

संवेदक नसलेल्या रिम घालून दिवा विझवण्याची एक युक्ती अनेक देशांत चालते : जुने चार संवेदक प्लॅस्टिकच्या नळीत बंद करून तिच्यात ३५ पीएसआय हवा भरायची आणि नळी डिकीत टाकायची. गाडी हलली की ते इमानाने उत्तम दाब कळवत राहतात आणि चाकांचे काहीही होवो, दिवा लागत नाही. कुटुंब बसवून चालणाऱ्या गाडीत ही युक्ती कोणी करू नये.

लिफ्टचा भाग : प्रत्यक्ष संवेदकांवर लिफ्टचा परिणाम नगण्य असतो. ५० मिलिमीटर उंची वाढल्याने रेडिओ संकेत अडत नाही. दोष असतो तो काम करताना हललेल्या वस्तूंत. चाककमानीचे आतले प्लॅस्टिक काढताना ग्राहकाची किंवा अँटेनाची जोडणी सैल होते. लोखंडी बंपरवरचे एलईडी दिवे, स्वस्त चार्जर, डॅशकॅमेरे यांचा विद्युत गोंगाट त्याच वारंवारतेत शिरतो. ही सगळी उपकरणे खरोखर उपटून, अर्धा तास गाडी चालवून पाहणे हीच सोपी परीक्षा. संकेत परत आला की एकेक करून जोडत जावे.

अप्रत्यक्ष प्रकारात लिफ्ट खरी आडवी येते. एबीएसची तार मूळ उंचीच्या हिशेबाने कापलेली असते. उंच केलेल्या गाडीचे चाक खड्ड्यात पूर्ण लोंबकळले की ती ताणली जाते, आतला तांब्याचा धागा तुटतो आणि टीपीएमएस, एबीएस, घसरणनियंत्रण असे तीन दिवे एकदम लागतात. तीन दिवे एकत्र दिसले तर टायर सोडून तार तपासावी. गाडी उचलून, चाके खाली सोडून, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून तारेत ढील उरते का ते पाहावे; नसेल तर लांबवणारी पट्टी किंवा लांब तार घ्यावी.

चारही टायर सारख्याच प्रमाणात मोठे असतील तर अप्रत्यक्ष यंत्रणेची तुलना बिघडत नाही, रीसेट पुरते. बिघडते ती एक स्टेपनी जुन्या मापाची लागली की. २५५/६५ आर १८ चा व्यास सुमारे ७८९ मिलिमीटर, २८५/६५ आर १८ चा ८२८. पाच टक्क्यांची ही तफावत हवा गेल्याने पडणाऱ्या फरकापेक्षा मोठी आहे. संगणक छोट्या स्टेपनीला हवा गेलेले चाक समजेल. याच तफावतीमुळे वेगमापकही मागे पडतो : मूळ टायरवर तो अचूक होता असे धरले, तर नव्या टायरवर खऱ्या १०० ला ९५ दाखवतो.

कायदा : मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांपासून वेगळा पडेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हीच भूमिका पक्की केली. २०१९ च्या दुरुस्तीतील कलम १८२-अ प्रमाणे मालकाने परवानगीबाहेर केलेल्या प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. अपघातानंतर विमा कंपनी हाच मुद्दा पुढे करू शकते, म्हणून सीजी ०४ क्रमांकाच्या गाडीला लिफ्ट लावण्याआधी रायपूरच्या परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करणे शहाणपणाचे.

मूळ यंत्रणाच नसलेल्या गाडीला वॉल्वच्या टोपीजागी बसणारे बाह्य संवेदक मिळतात. त्यांत इशाऱ्याची मर्यादा मालकाला स्वतः ठरवता येते, आणि मोठ्या टायरसाठी हा गुण मोलाचा आहे. मात्र त्यांचे वजन लवचिक रबरी वॉल्वला वेगात बाहेर ओढते, म्हणून आधी धातूचे वॉल्व बसवावेत. दगडधोंड्यांच्या वाटेवर ते बाहेर येऊन आपटणार नाहीत एवढी रिमची खोली आहे का, तेही चाक काढण्याआधीच मोजून घ्यावे.