दोन टनांचा हिशोब

मॅसॅच्युसेट्सच्या वॉल्थममधलं आमचं घर १९२४ सालचं आहे आणि त्याच्या तळघरात दोन इंधनांनी आपापला संसार मांडलेला आहे. उत्तरेच्या भिंतीत कोळसा ओतायची लोखंडी झडप, गंजून कायमची बसलेली. तिच्याखाली फळ्या ठोकून केलेला कोळशाचा कोपरा. तिथे आता आमचं गणपतीचं मखर असतं. समोर तेलाची २७५ गॅलनची टाकी. मधोमध फर्नेस आणि तिच्या डोक्यावरून तुळयांखाली चहूकडे गेलेले पत्र्याचे डक्ट. याच तळघरात आता तिसरी पाहुणी, म्हणजे वीज, आणायचं चाललं आहे. डक्टला जोडता येणारा, स्वस्तातला मिनी-स्प्लिट हीट पंप, म्हणजे हिवाळ्यात उलटा चालून घर गरम करणारा एसी.

पुण्याला माझे दीर एसीच्याच धंद्यात होते. त्यांना फोनवर विचारलं तर म्हणाले, "वहिनी, दोन टनांचा इन्व्हर्टर घ्या आणि मोकळ्या व्हा. चिनी असला तरी चालेल. एवढा काय विचार करायचा?"

विचार करायचा तो या डक्टच्या नळांचा. यंत्राचा नुसता संच अडीच हजार डॉलरच्या आसपास मिळतो. तो किती तापवतो, किती वीज खातो, हे पत्रकात असतं. तो या घरात नांदेल का हे मात्र पत्रक सांगत नाही. त्यासाठी डक्टची वंशावळ काढावी लागते. आयुष्यभर ग्रंथालयात नोकरी केल्यामुळे मला तेच काम जास्त जवळचं.

मॅसॅच्युसेट्समध्ये घर गरम करण्याजोगा कोळसा निघत नाही. तो पेनसिल्व्हेनियातून यायचा. अँथ्रासाइट, कमी धुराचा, कठीण जातीचा. इथला हिवाळा दुसऱ्या राज्यातल्या खाणींवर अवलंबून होता, आणि १९०२ साली ते सगळ्यांना एकदम कळलं. मे महिन्यात खाणकामगार संपावर गेले. ऑक्टोबर आला तरी संप मिटेना. आमच्या राज्याचे गव्हर्नर मरे क्रेन आणि सिनेटर हेन्री कॅबट लॉज यांनी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यामागे लकडा लावला, कारण कोळशाविना बॉस्टनचा हिवाळा म्हणजे काय हे दोघांनाही ठाऊक होतं. शेवटी रूझवेल्टनी खाणमालकांना आणि कामगार नेत्यांना एका खोलीत बसवलं. ती बैठक फिसकटली, पण त्याच महिन्यात तडजोडीची वाट निघाली. त्याच वर्षी ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात कागद दमट हवेने फुगतो म्हणून विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरने हवेतला दमटपणा आवरणारी यंत्रणा आखली. पुढच्या शतकाची भाकरी तिथे भाजली जात होती, पण त्या हिवाळ्यात लोकांना चिंता होती ती कोळशाच्या बादलीची.

आमचं घर त्यानंतर बावीस वर्षांनी बांधलं, तेव्हाही कोळशासाठीच. त्या काळच्या फर्नेसला पंखा नसे. तापलेली हवा हलकी होऊन आपली आपण वर चढायची, गार हवा दिवाणखान्याच्या जमिनीतल्या मोठ्या जाळीतून खाली उतरायची. हवेला ढकलणारं कोणीच नाही, म्हणून नळ प्रचंड रुंद ठेवायचे, वळणं कमी घ्यायची आणि चढ सतत राखायचा. मधल्या भट्टीतून आठ दिशांना हात पसरल्यासारखे ते दिसत, म्हणून इथले लोक तिला ऑक्टोपस म्हणत. नळ आखूड हवेत म्हणून हवेच्या जाळ्या घराच्या आतल्या भिंतींशी काढत, खिडक्यांशी नाही. आमच्या जेवणघरातली बिडाची नक्षीदार जाळी अशीच आतल्या भिंतीत आहे. खिडकीपाशी बसणाऱ्याने शाल घ्यायची, ही त्या काळापासूनची रीत आम्हीही पाळतो.

(मॉरिसटाउन, न्यू जर्सी इथल्या अॅलिस पार्कर या कृष्णवर्णीय बाईंना १९१९ सालीच गॅसच्या भट्टीचं पेटंट मिळालं होतं. घराच्या प्रत्येक भागाची उष्णता वेगवेगळी राखायची ही त्यांची कल्पना. आज त्यालाच झोनिंग म्हणून वेगळे पैसे घेतात.)

कोळशानंतर तेल आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर कोळशाच्या फर्नेसलाच तेलाचा बर्नर बसवायची लाट होती. राख काढायची कटकट गेली, आणि विजेवर चालणारा पंखा आला. पंखा आल्यावर नळ रुंद ठेवायची गरज उरली नाही. आमच्या घरात वरच्या मजल्यावर गेलेले डक्ट याच पिढीचे आहेत: सहा इंचांचे, वळणावळणांचे, कपाटांच्या मागून चोरून नेलेले. तेलाच्या फर्नेसची हवा फॅरनहाइटच्या १३० अंशांपर्यंत तापलेली असते, म्हणून अशा बारीक नळातून थोडी आली तरी खोली गरम होई. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि न्यू इंग्लंडची पुन्हा तीच गत झाली. फरक इतकाच की या वेळी खाणी पेनसिल्व्हेनियात नव्हत्या.

हीट पंप ही कल्पना या सगळ्याहून जुनी. स्कॉटलंडचे खगोलशास्त्रज्ञ चार्ल्स पिआझी स्मिथ यांच्या डोक्यात उष्ण देशांतल्या खोल्या यंत्राने गार करायचा विचार घोळत होता. त्याच सुमारास, १८५२ साली, ग्लासगोच्या विल्यम थॉमसन यांनी, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विन यांनी, दाखवून दिलं की तेच यंत्र उलटं चालवलं तर खोली गरमही करता येईल आणि थेट इंधन जाळण्यापेक्षा कमी खर्चात. ऑस्ट्रियात पीटर फॉन रिटिंगर यांनी १८५६ च्या सुमारास एबेन्सीच्या मिठागरात खारं पाणी आटवायला तसं यंत्र बांधलं. झुरिकच्या नगरभवनात १९३८ साली लिम्माट नदीच्या पाण्यातली उष्णता शोषून इमारत तापवणारा पंप बसला, आणि तो या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत चालला.

अमेरिकेत मात्र पहिला डाव बिघडला. १९५० च्या दशकात दक्षिणेकडच्या राज्यांत हीट पंप धडाक्याने विकले गेले, पण त्यातले कॉम्प्रेसर हिवाळ्याचा मार सहन करण्यासाठी केलेले नव्हते. ते जळाले आणि नाव वाईट झालं. आमच्या गल्लीतले ऐंशी ओलांडलेले शेजारी अजून हीट पंप म्हटलं की नाक मुरडतात, ते त्या आठवणीने. यंत्राची इभ्रत परत आणली जपान्यांनी. तोशिबाने १९८० आणि १९८१ मध्ये इन्व्हर्टरवर चालणारे एसी बाजारात आणले. कॉम्प्रेसर नुसता चालू किंवा बंद राहण्याऐवजी गरजेप्रमाणे हळू-जोरात फिरू लागला. आज ते तंत्र ग्वांगडोंगच्या कारखान्यांतून साऱ्या जगात स्वस्तात जातं. दीर म्हणतात ते इतपत खरं आहे.

आता टनांकडे येते. कारण दिरांनी दोन टन म्हटलं ते ज्या बर्फावरून, तो बर्फ आमच्या शेजारचा. एक टन म्हणजे दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढी. तासाला १२,००० बीटीयू. यंत्रं आली तेव्हा त्यांनी जागा घेतली ती बर्फाची, म्हणून मापही बर्फाचंच राहिलं. आणि जगाला बर्फ विकणारा फ्रेडरिक ट्यूडर बॉस्टनचा. आमच्या घरापासून पूर्वेला जवळच केंब्रिजमध्ये फ्रेश पॉन्ड नावाचं तळं आहे. तिथला बर्फ नॅथॅनिएल वायेथच्या घोड्याने ओढायच्या करवतीने चौकोनी कापून भुशात रचला जाई. मे १८३३ मध्ये ट्यूडरचं 'टस्कनी' हे जहाज १८० टन बर्फ घेऊन बॉस्टनहून निघालं आणि सप्टेंबरात कोलकात्याला पोचलं तेव्हा सुमारे शंभर टन शिल्लक होता. पुढच्या वर्षी मुंबईलाही अमेरिकन बर्फ आला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि मग यजमान-पाहुणे सर्दीने आडवे झाल्याचं 'मुंबई समाचार'ने छापलं, ही गोष्ट जुन्या मुंबईवर लिहिणारे हमखास सांगतात. त्याच १८३४ साली मॅसॅच्युसेट्सच्याच न्यूबरीपोर्टमध्ये जन्मलेल्या जेकब पर्किन्सने लंडनमध्ये वाफ दाबून गारवा करणाऱ्या यंत्राचं पेटंट मागितलं. ट्यूडरचा धंदा ज्याने बुडणार होता ते यंत्र त्याच्याच राज्यातल्या माणसाने कागदावर उतरवलं, तेही बर्फ मुंबईला उतरत होता त्याच वर्षी. ही जुळणी कोणी केली नसती तर मी करून ठेवली असती.

पण टन हे गारव्याचं माप आहे आणि इथेच दिरांचा हिशोब पुण्याचा ठरतो. दोन टनांचं यंत्र गरम करताना २४,००० बीटीयू देतं ते बाहेर ४७ अंश फॅरनहाइट असताना. आमच्याकडे ४७ अंशांना लोक स्वेटर काढतात. ५ अंशांना काय मिळतं तो रकाना महत्त्वाचा, आणि मी पाहिलेल्या स्वस्त यंत्राच्या तक्त्यात तो आकडा १६,००० वर उतरलेला होता. ४ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे बॉस्टनमध्ये उणे १० होतं. असे दिवस क्वचित, पण पाणी गोठून नळ फुटायला एकच रात्र लागते. गारठ्यासाठी खास केलेली महाग यंत्रं ५ अंशांनाही जवळजवळ पूर्ण ताकद देतात. किमतीतला फरक जातो तो मुख्यत्वे इथे.

पैशांचं गणितही करून पाहिलं. एक गॅलन तेलातून फर्नेसचा भुर्दंड वजा जाता सुमारे १,१८,००० बीटीयू घरात येतात. हीट पंप सरासरी विजेच्या अडीचपट उष्णता देत असेल तर तेवढ्यासाठी १४ युनिट वीज लागते. आमच्या बिलात युनिट ३० सेंटांच्या आसपास पडतं, म्हणजे सव्वाचार डॉलर. तेवढ्यात तेलच येतं, कधी कधी त्याहून स्वस्तही. तिपटीने दिली तर साडेतीन डॉलर. हीट पंपवाल्यांना हिवाळ्यात आता विजेचा दर थोडा कमी लागतो, तो धरला तर आणखी फरक. तेव्हा स्वस्त यंत्र घेऊन अडीचपटीवर अडकलो तर संचाच्या किमतीत वाचवलेले पैसे वीज कंपनीला हप्त्याने द्यायचे. त्यात केंद्र सरकारची २,००० डॉलरपर्यंतची करसवलत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. राज्यात अनुदान मिळतं, पण ठरावीक यादीत नाव असलेल्या यंत्रालाच. गुदामातले उरलेसुरले, आर-४१०ए या जुन्या शीतक गॅसचे संच मात्र किमतीत चांगलेच खाली आले आहेत. १ जानेवारी २०२५ पासून अमेरिकेत तो गॅस भरलेली नवी घरगुती यंत्रं बनवणं बंद झालंय. मी ते घेणार नाही. पंधरा वर्षांनी गळती झाली तर गॅस शोधत कोण हिंडणार?

राहिले डक्ट. मिनी-स्प्लिटचं डक्टवालं युनिट जन्माला आलं ते हॉटेलांच्या आणि कचेऱ्यांच्या खोट्या छतात दडवायला, दोन-चार फुटांच्या नळावर. स्वस्त युनिटांच्या पंख्यात हवा ढकलायची ताकद बेताची. शिवाय हीट पंपची हवा शंभर अंशांच्या आसपासच तापते, म्हणून ती फर्नेसच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त सोडावी लागते. वरच्या मजल्याच्या सहा इंची नळांतून ती जाणार नाही. शिट्ट्या वाजतील आणि खोल्या गारच राहतील. एक ठेकेदार येऊन गेले. त्यांनी नळांकडे मान वर करूनही पाहिलं नाही आणि सगळं चालेल म्हणाले. दुसरे आले ते पट्टी आणि दाब मोजायची नळी घेऊन. तळमजल्याचे १९२४ चे नळ पाहून ते खूश झाले. पंख्याविना चालावेत म्हणून रुंद केलेले नळ अशक्त पंख्याला अगदी मानवतात. शंभर वर्षांनंतरची सोय त्या कोळसेवाल्या पत्रेकाराने नकळत करून ठेवली होती, आणि मधल्या काळातल्या सुधारणेने ती वरच्या मजल्यापुरती घालवली होती.

त्या नळांना एक खोट आहे. सांध्यांवर करड्या कागदाची पट्टी गुंडाळलेली आहे, आणि तो कागद अॅस्बेस्टॉसचा. त्याला हात लावायचा तर परवाना असलेली माणसं, प्लास्टिकचे पडदे, हवेची तपासणी.

मग ठरलं ते असं. तळमजल्याची गरज कडाक्याच्या रात्री साधारण १५,००० बीटीयूची आहे. तेवढं स्वस्त यंत्र ५ अंशांनाही देतं, तेव्हा ते फक्त तळमजल्याच्या रुंद नळांना जोडायचं. वरचा मजला अजून दोनेक हिवाळे तेलावर ठेवायचा, आणि मग तिथे भिंतीवरची, गारठा सोसणारी युनिटं, डक्टविना. यातही एक गोम आहे. उन्हाळ्यात तळमजल्याला टनभरही गारवा लागत नाही, आणि स्वस्त यंत्राला फार हळू फिरता येत नाही. ते पटकन गार करून बंद पडेल आणि दमटपणा तसाच राहील. पत्रकात सगळ्यात कमी किती ताकदीवर चालतं तो रकाना असतो. ज्याचा आकडा लहान, तो संच घ्यायचा, दोनशे डॉलर जास्त पडले तरी.

दिरांना हे सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एका मजल्याला दोन टन? वहिनी, इथे तेवढ्यात मी आख्खा दवाखाना गार केलाय." मग जरा थांबून विचारलं, "त्या अॅस्बेस्टॉसवाल्यांनी किती सांगितले?"

यंत्राच्या किमतीपेक्षा जास्त. काम मे महिन्यात आहे, फर्नेस बंद झाल्यावर.