साच्यावरून साचा

मागच्या शनिवारी दिवा-रोहा गाडीत चक्क खिडकी मिळाली, म्हणजे वीकएंडची सुरुवात झकास! रोह्याच्या काकांचा फोन होता, "तुझा तो रोबॉट बघायला ये, खरा की खोटा सांग." आमच्या घराण्यात ट्रान्सफॉर्मर्सचं वेड असलेला प्राणी एकच, अस्मादिक. २००७ सालचा सिनेमा बघितला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, आणि ते खूळ इंजिनिअरिंगच्या चार वर्षांतही गेलं नाही.

काका मर्चंट नेव्हीत होते. १९८६ साली सिंगापूरहून त्यांनी मुलासाठी एक लाल ट्रक आणला. उलगडला की त्याचा रोबॉट होतो. तेव्हा आपल्याकडे असली परदेशी खेळणी सरळ दुकानात मिळत नसत. आयातीवरची बंधनं पूर्ण सुटायला २००१ साल उजाडलं. त्यामुळे आळीतली पोरं तो ट्रक नुसता बघायला यायची म्हणे. आता मुलगा कॅनडात आणि ट्रक माळ्यावर. घराची कौलं बदलायची आहेत. पुण्याच्या एका संग्राहकाने फोटो बघून चांगली रक्कम कबूल केली, अट एकच: माल ओरिजिनल हवा.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय पारख होत नाही.

टाकारा ही जपानी खेळण्यांची कंपनी. १९७४ साली तिने 'मायक्रोमॅन' आणि १९८० साली 'डायक्लोन' नावाची मालिका काढली. पुढे या मालिकांमध्ये गाड्यांचे, पिस्तुलांचे, कॅसेटचे रोबॉट होऊ लागले. १९८३ चा 'बॅटल कॉन्व्हॉय' हा लाल ट्रक त्यातलाच. गंमत म्हणजे डायक्लोनमधले हे रोबॉट जिवंत नव्हते. ती माणसाने चालवायची यंत्रं होती, सोबत बोटाच्या पेराएवढे चालक मिळायचे. अमेरिकेच्या हॅस्ब्रोने हे साचे रीतसर करार करून घेतले आणि १९८४ साली 'ट्रान्सफॉर्मर्स' या नावाने बाजारात आणले. मार्व्हल कॉमिक्सच्या लेखकांनी त्यांना नावं आणि स्वभाव दिले. 'ऑप्टिमस प्राइम' हे नाव डेनिस ओनील यांचं, बाकीची बरीचशी बॉब बुडियान्स्की यांची. म्हणजे साचा तोच, पण आता चालक नको, यंत्रालाच जीव!

धंदा चालला की नकला आल्याच. म्हणून १९८५ पासून हॅस्ब्रोने खेळण्यांवर उष्णतेने बदलणारं स्टिकर लावलं. अंगठ्याने चोळलं की रोबॉट कुठल्या पक्षाचा आहे, ते चिन्ह उमटतं.

तर काकांचा ट्रक. पहिला बघायचा तो शिक्का. अस्सल तुकड्यावर टाकाराचं नाव आणि साल कोरलेलं असतं. (इथे एक फसगत होते. ते साल डिझाइनच्या हक्काचं असतं, तुमचा नग त्याच वर्षी बनला असं नाही.) काकांच्या ट्रकवर शिक्क्याच्या जागी नुसता गुळगुळीत चौकोन. स्टिकर चोळलं, ढिम्म. पण चाळीस वर्षांत अस्सल स्टिकरही मरू शकतं, म्हणून त्यावर भिस्त नको. धातूचे भाग हाताला गार आणि जड लागले. लोहचुंबक चिकटला नाही, पण तोही पुरावा नव्हे, कारण असला ओतीव भाग जस्ताच्या मिश्रधातूचा असतो, आणि तो नकलेतही असतो. शेवटी माझ्याकडचा मूळ साच्यातून पुन्हा काढलेला अधिकृत नग शेजारी ठेवून व्हर्नियर लावला. काकांचा रोबॉट छातीत जवळपास एक मिलिमीटर कमी भरला.

मनात पाल चुकचुकली, पण खात्री होईना. मग आठवलं, अर्ध्या वाटेवर पेण आहे!

रविवारी सकाळी हमरापूरला ओळखीच्या गणपतीच्या कारखान्यात गेलो. चहूकडे बिनरंगाचे बाप्पा. मूर्तिकारभाऊंनी रोबॉट हातात घेतला, डोळ्यांपेक्षा बोटांनी जास्त बघितला, आणि दोन मिनिटांत म्हणाले, "हा साच्यावरून साचा घेतलाय."

"कशावरून?"

"कडा बघ, मेल्यात. आणि इथे अक्षरं होती, ती बुजवलीत."

मग त्यांनी समजावलं. शाडू वाळला की आक्रसतो. तयार मूर्तीवरून कुणी साचा काढला तर पुढची मूर्ती थोडी लहान आणि बोथट निघते. प्लास्टिकही साच्यात थंड होताना आक्रसतं, म्हणजे हिशोब तोच. माझा गेलेला मिलिमीटर सापडला. "माझीच मूर्ती विकत नेऊन एकाने तिचा रबरी साचा काढला," भाऊ सांगत होते, "पुढच्या वर्षी बाजारात माझ्याच गणपतीचे भाऊबंद. रंग चढला की गिऱ्हाइकाला कळत नाही. आम्हाला कळतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. साचा पिढ्यान् पिढ्या वापरणं वेगळं आणि न विचारता उचलणं वेगळं. हॅस्ब्रोने टाकाराला विचारलं होतं, या ट्रकवाल्याने विचारलं नव्हतं, फरक एवढाच. पण त्या 'एवढाच' मध्ये एका माणसाची मेहनत जाते.

परतीच्या एसटीत मात्र मनात नको ते येत होतं. पुण्याच्या माणसाला फोटोत काही कळलेलं नाही. मी 'ओरिजिनल' म्हटलं की कौलं नवी! पण नंतर पार्सल त्याच्या हातात पडेल आणि बोटं त्यालाही असतील.

काकांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ ट्रक उलटसुलट करत बसले. मग म्हणाले, "म्हणजे सिंगापूरच्या त्या दुकानदाराने मला गंडवलं. किती घासाघीस केली होती मी त्याच्याशी!" आणि हसले. "त्या पुण्याच्या माणसाला खरं काय ते कळवून टाक."

कळवलं. त्याचं उत्तर अर्ध्या तासात आलं: नक्कल असली तरी त्या काळातली आहे, थोडे पैसे देऊन घेईन. असल्या नकला जमवणारेही असतात! काकांनी रक्कम ऐकली आणि ट्रक टीव्हीशेजारी ठेवला. "एवढ्यात दहा कौलंपण येणार नाहीत. राहू दे. बरं, पेणला गेलास तर पोहे आणलेस का?"

पोहे विसरलो होतो. असो, पुढच्या शनिवारी.