बोअर फेल गेला

आमच्या साखरा गावात पोरगं नापास होतं, बोअर मात्र फेल जातो. दोन्ही शब्द इंग्रजीच्या घरचे. 'पास'ला आपण 'ना' जोडला आणि आपलासा केला. 'फेल' होता तसाच ठेवला.

माझ्या वडिलांच्या तोंडी विहिरीसाठी हा शब्द कधी नव्हता. विहिरीला 'पाणी लागलं नाही' म्हणत, आणि त्यात 'अजून' धरलेलं असे. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा सुरुंग लावायचे, आणखी हातभर खाली जायचं.

1972च्या दुष्काळानं ही सबुरी मोडली. दाबाच्या हवेवर चालणारी यंत्रं युनिसेफच्या मदतीनं राज्यात आली आणि काळ्या पाषाणाला दिवसभरात भोक पडू लागलं. निकाल एका दिवसात लागू लागला, म्हणून परीक्षेचा शब्द रानात आला, असं मला वाटतं.

माझे स्वतःचे तीन बोअर फेल गेले. पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला, तमिळनाडूची बोअरची गाडी रात्री आली, दोनशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा उडाला. पैसे फुटावर असतात. पाणी लागो, न लागो. बायकोनं पूजेचं ताट तसंच घरात नेलं. सकाळी गावानं दोनच शब्दांत विचारलं, "फेल का?"

आपल्या बेसाल्टात पाणी असतं ते झिजलेल्या मुरमात, दगडाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. भेग चार हातांवरून निघून गेली की भोक कोरडं. जास्त खोल गेलं म्हणजे पाणी लागतंच असं नाही. 2009च्या भूजल कायद्यानं साठ मीटरची मर्यादा घातली, तरी गाड्या खाली जातच राहिल्या.

'फेल' म्हटलं की बोलणं संपतं, आणि तो दगड काय सांगत होता तेही मातीआड जातं. शेजारी वीस पावलांवर पुन्हा तेच भोक पाडतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच: बोअर कोरडा गेला तर मुरूम किती फुटांवर संपला, कठीण दगड कुठं लागला, ओल कुठं दिसली, हे वहीत लिहा आणि शेजाऱ्याला दाखवा. आणि ते भोक आजच झाकणानं घट्ट बंद करा. गावात लेकरं खेळतात.